पाठीला पाठ

"आज मागच्या वर्गाचं उत्तर कुणीही द्यायचं नाही," असा दम मॅडमनी सकाळीच दिला होता. आमच्या सरकारी शाळेत नववी या फळ्याकडे तोंड करून बसते, दहावी समोरच्या भिंतीवरच्या दुसऱ्या फळ्याकडे. मध्ये पाठीला पाठ. खोली एक आणि मॅडमही एकच. दुसरा शिक्षक द्यायचा की नाही, ते बघायला आज शिक्षण खात्याचे साहेब आले होते.

साहेबांनी दहावीला गुरुत्वाकर्षण विचारलं. दहावी आठवत बसली, आणि आम्ही नववीवाले फळ्याकडे बघतच बेंबीच्या देठापासून ओरडलो. वर्षभर कानावर पडतंय, राहवणार कसं? मॅडमनी कपाळाला हात लावला. मग साहेबांनी आम्हाला आम्लं विचारली, तर उत्तर दहावीनं ठोकलं. साहेब खूश! एक प्रश्न इकडे, एक तिकडे. हसून हसून बाकं हलायला लागली.

"मॅडम, एकटीनं काय तयारी करून घेतलीय! दुसरा शिक्षक हवाच कशाला?"

मॅडमचा चेहरा पडला. तेवढ्यात माझ्या शेजारची मंजुळा उठली. "सर, इंग्रजी विचारा की! मॅडम गणित-विज्ञानाच्या आहेत. इंग्रजीला कुणी नाहीच."

साहेबांनी विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?"

दोन्ही फळ्यांकडून एकच गर्जना झाली. "येस सर!"

"व्हॉट इज युवर फेव्हरेट गेम?"

"येस सर!"

साहेबांनी हसू आवरत डोळे पुसले. "डू यू नीड अ न्यू टीचर?"

"येस सर!"

या वेळी सगळ्यात मोठा आवाज मॅडमचा होता.