घरपोच

"मराठीत नको, ताई," रुकय्या फोनवर पुन्हा पुन्हा म्हणाली होती. सुनीतीबाईंना तो विनय वाटला. त्यांनी तिच्या कथांच्या कन्नड प्रकाशकाची परवानगी काढली, अनुवाद पुरा केला आणि पहिली प्रत घेऊन न कळवताच मिरजेला तिच्या सासरी पोचल्या.

दार नवऱ्याने उघडलं. "तुमच्या बायकोच्या कथा, आता मराठीत!" म्हणत बाईंनी पुस्तक कौतुकाने त्याच्याच हातात ठेवलं.

"कथा लिहिते होय? आम्हाला वाटायचं, विजापूरला माहेरी पत्रं लिहीत बसते. या घरात कन्नड कुणाला येतंय वाचायला?" तो हसला आणि सोफ्यावर बसून वाचू लागला.

रुकय्या चहा घेऊन बाहेर आली. नवऱ्याच्या हातातलं पुस्तक बघून जागीच थांबली.

"ती चिमट्याच्या चटक्यांची कथा मराठीत करताना दोनदा उठून गेले मी," बाई म्हणाल्या. "सुचतं कसं गं तुला एवढं?"

रुकय्याने ट्रे खाली ठेवला आणि बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

नवऱ्याने पान उलटलं. मग शांतपणे आत हाक मारली, "अम्मी, बाहेर या. यात तुम्हीपण आहात."