कढवलेली चरबी

"माय, बरणी खाली ठेव. बाळाला लावू नको."

दगडाबाईची दोन बोटं चरबीत बुडाली होती. मांडीवर नात खोकत होती. "कावून? तुझी छाती भरली की हेच चोळत होते. मेलीस का?"

आता हिला काय सांगायचं? सुकन्या शहरातल्या प्रयोगशाळेत मटणातली कीटकनाशकं मोजायची. बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सहज म्हणून बरणीतली चमचाभर चरबी तिनं प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे तपासायला धाडली होती. आत्ताच तिचा फोन आला होता.

चरबी चांदीची. चांदी म्हणजे सुकन्याच्या वडिलांची, मुंजाजी अण्णांची शेवटची शेळी. पाय मोडून पडली म्हणून कापावी लागली. अण्णांनी डोळे पुसत तिची चरबी कढवून ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात अण्णाही गेले.

"अण्णा गोचिडाची पावडर लावायचे ना? ती उतरलीय यात."

"ती तर कवाच संपली."

"पावडर संपली, माय. तिचं बदलून जे झालं, ते चरबीत राहिलंय. ते लवकर जात न्हाई."

बाकीचे लोक पोत्यातली पावडर शेळ्यांवर भुरभुरून मोकळे व्हायचे. अण्णांना ते जमायचं नाही. कोरडी पावडर बिचारीला टोचते म्हणायचे. मग करडीच्या तेलात कालवून, एकेकीशी गप्पा मारत, कानापासून शेपटीपर्यंत उघड्या हातानं चोळत बसायचे. सुकन्या शेळीचे कान धरायची. तो वास अजून तिच्या नाकात होता, आणि तिला तो लई आवडायचा. त्या तेलानंच घात केला होता. तेलाबरोबर विष कातडीतून आत मुरलं होतं. भुरभुरलं असतं तर एवढं उतरलं नसतं.

आईला हे सगळं सांगताना आपण अण्णांवरच आळ घेतोय, असं तिला वाटलं.

"ओतून टाकू का?" तिनं हळूच विचारलं.

दगडाबाईनं नातीला तिच्याकडे दिलं. मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले. मग बरणी उचलून उजेडात धरली.

"म्हंजी त्येंनी चोळलेलं अजून यात हाय?"

"हाय, माय."

दगडाबाईनं झाकण घट्ट लावलं. ट्रंक उघडून लुगड्यांच्या घडीत बरणी ठेवली.

"पोरीला तेल कोमट करून लाव," ती म्हणाली. "हे माझ्यापाशी राहू दे."