टाकीचं झाकण

"वहिनी, सेप्टिक टँकचं झाकण नेमकं कुठं आहे?" दीर नाकाला लावलेला रुमाल मुठीत धरून माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभा होता. "संडासातून घाण उलटी वर येतेय. टाकी उपसणारा गाडी घेऊन ताटकळलाय. म्हणतो, जागा दाखवा, नाहीतर सगळी फरशी फोडतो." हे वारले आणि महिन्याभरात यानं मला घराबाहेर काढलं. "कसली ही अडगळ!" म्हणत ह्यांची कोरफडीची कुंडी माझ्यादेखत रस्त्यावर भिरकावली आणि अंगणभर चकचकीत फरशी बसवली. "दादानं काहीतरी खूण ठेवली असेलच ना?" त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. पायरीपासून सात पावलं. मला झोपेतही सांगता आलं असतं. "ठेवली होती की, भाऊजी. झाकण चटकन सापडावं म्हणून कोरफडीची कुंडी बरोब्बर त्याच्यावरच असायची. आणा शोधून," मी म्हटलं आणि दार त्याच्या तोंडावर आपटलं.