दहावर धरलेली टेप

"हे कपाट दहा सेंटिमीटर जास्त रुंद झालंय," छोटी अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशी म्हणाली.

करवत थांबली. मालकीणबाईंचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला. उद्या शाळेत बसवायचं कपाट मधोमध उभं होतं, नवंकोरं, आणि त्याच्या शेजारी लंबू. ते त्यानेच बनवलं होतं.

इस्पितळाचं मोठं काम आलं होतं. त्याचा प्रमुख आज ठरणार होता, छोटी नाहीतर लंबू. मामाने तिला एक जुनं पुस्तक दिलं होतं, कुठल्याशा सेनापतीने हजारो वर्षांपूर्वी लिहिलेलं. तीन आठवडे ती त्यातलं एकेक पान कारखान्यात वापरत होती. उंच जागा आपल्याकडे हवी म्हणून तिने टेबल पोटमाळ्यावर नेलं. रोज तुळईवर डोकं आपटायचं, पण नेलं. शत्रू सुस्त असताना गाठायचा म्हणून सोमवारची सकाळ निवडली, कारण दुसरा चहा पोटात गेल्याशिवाय लंबूला जाग येत नाही. आणि काल, रविवारी, शाळेत जाऊन तिने दोन खांबांमधली जागा मामाच्या टेपने गुपचूप मोजली. एकदा नाही, तीनदा. दोनशे चाळीस. कपाट दोनशे पन्नास.

एकच पान तिला पटलं नव्हतं. शत्रूला वेढलं तरी पळायला एक वाट सोडावी म्हणे. का म्हणून? तिने ते पान सरळ उलटलं होतं.

"लंबू, माप कोणाचं?" मालकीणबाईंनी विचारलं.

लंबूने फाइल उघडली. मापाची चिठ्ठी काढली. वाचली. मग वर बघितलं, थेट छोटीकडे, आणि चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली.

"चिठ्ठी सापडत नाहीये, बाई. पण कपाट मी बनवलं. मी परत मोजून घ्यायला हवं होतं."

संपला, छोटीला वाटलं. पुरता संपला.

"दहा म्हणजे नक्की दहा ना? सगळ्यांसमोर मोज बघू," मालकीणबाई म्हणाल्या.

छोटीने ऐटीत कमरेची टेप ओढली. वडिलांची टेप, झिजलेली, सुरुवातीचे आकडे पार पुसलेले. कारखान्यात तसली दुसरी कोणाकडे नाही. दहाचा आकडा कपाटाच्या कडेला लावून ती दुसऱ्या टोकाला गेली. "दोनशे साठ," ती जोरात म्हणाली.

पॉलिशवाले काका फिसकन हसले. "अगं बये, दहा वजा कर की. दर वेळी विसरतेस."

सगळे हसले. एक लंबू सोडून.

छोटीचा हात टेपवरच राहिला. शाळेची जागा पहिल्यांदा मोजायला दोन महिन्यांपूर्वी कोण गेलं होतं? पावसापाण्याचं नको म्हणून, लंबूला ताप होता म्हणून, त्याच्याऐवजी? तिने लंबूच्या खिशाकडे बघितलं. चिठ्ठीचं टोक बाहेर डोकावत होतं. जांभळी शाई. जांभळ्या पेनाने कारखान्यात एकच माणूस लिहितो.

"मग ठरलं," मालकीणबाई कप खाली ठेवत म्हणाल्या. "इस्पितळाचं काम छोटी—"

लंबू हळूच मान हलवत होता. बोलू नकोस, असं सांगत होता.

छोटीने टेप सोडली. ती सटकन डबीत शिरली.

"थांबा, बाई. चिठ्ठी त्याच्या खिशात आहे, आणि अक्षर माझं आहे."