पोटात न ठेवलेली गोष्ट

"उद्या माझ्याविरुद्ध साक्षीला भाऊ येणारच नाही, मॅडम. वाटेतच संपवतो त्याला," जामिनावर सुटलेला अशील विश्राम परब शांतपणे म्हणाला आणि चेंबरमधून निघून गेला.

ॲडव्होकेट मृणालिनी रेगे फोनकडे बघत बसल्या. अशिलांच्या कितीतरी कबुल्या त्यांनी आजवर पोटात ठेवल्या होत्या. पण हा गुन्हा अजून व्हायचा होता आणि त्यावर पांघरूण घालायला कायदा सांगत नव्हता. त्यांनी पोलिसांना फोन लावला.

सकाळी घाटातल्या वळणावर विश्राम कोयत्यासकट पकडला गेला. भाऊ वाचला.

त्यानंतर मात्र बाईंच्या चेंबरची पायरी कोणी चढेना. जुने अशील आपापले कागद मागून घेऊन गेले. बाररूममधले वकील "कायद्याने बरोबरच आहे हो," म्हणायचे आणि आपला चहा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

एके दुपारी विश्रामचा भाऊ गोविंद दारात उभा राहिला. त्याने वाकून नमस्कार केला. "तुमच्यामुळे जिवंत आहे, मॅडम. मुलीच्या घटस्फोटासाठी कोर्टात आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

बाईंनी लगबगीने खुर्ची पुढे केली. "बसा ना. कागद आणलेत?"

गोविंदने मान खाली घातली. "ते दुसऱ्या वकिलांकडे दिलेत. घरातलं सगळं सांगावं लागतं ना, मॅडम."

"हो, खरंय," बाई म्हणाल्या. तो निघायला लागला तशा घाईने उठल्या. "चहा तरी घेऊन जा. मला काही काम नाहीये."