शेवटचं प्रकरण

'शांतता राखा'ची पाटी उतरवून ग्रंथपालबाईंनी शाळेच्या वाचनालयात गाद्या-उशा मांडल्या, तेव्हा कुठे नववी-दहावीची मुलं तिकडे फिरकू लागली. त्यातली एक मुलगी मात्र एकाच जाड कादंबरीची मुदत वाढवून नेई आणि तिची खूण शेवटच्या प्रकरणापुढे कधी सरकत नसे.

"अगं, शेवटाशी काय वाकडं आहे तुझं?" बाईंनी एकदा हसून विचारलं.

"दवाखान्यात आईला वाचून दाखवते, बाई. ती म्हणते, शेवट ऐकल्याशिवाय मी कुठ्ठे जायची नाही. म्हणून तिथवर आलं, की मी परत पहिल्या पानावर जाते."

बाईंनी पुन्हा मुदत वाढवून दिली.

* * *

आज ती मुलगी आली, कोपऱ्यातल्या गादीवर टेकली आणि शेवटचं प्रकरण एकटीच वाचत बसली.