बुरशीचं कातडं

"वास घेऊन बघा, नानासाहेब. चामडं नाहीच हे," म्हणत गेनबाने नवा मृदंग देवळाच्या पायरीवर ठेवला.

विद्यापीठातल्या बाईंनी बुरशी वाढवून, पपईच्या चिकातल्या विकराने मऊ करून हे कातडं तयार केलं होतं. ते चामड्यासारखं बोलावं म्हणून जन्मभर मृदंग मढवणारा गेनबा दोन वर्षं त्यांच्यासोबत राबला होता.

"म्हणजे देवाला विटाळ नाही!" ट्रस्टी नानासाहेबांनी मृदंग कपाळाला लावला.

"मग आज कीर्तनाला मी आत बसू?"

"मृदंग बदललाय, गेनबा. तू तोच आहेस ना?"

गेनबा चपलांपाशी बसला. आम्ही टाळकरी टाळ घेऊन आत गेलो.

कीर्तन रंगल्यावर बुवांनी विचारलं, "काय गोड बोलतोय हो मृदंग! कुणी घडवला?"

"विज्ञानानं," नानासाहेब म्हणाले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.